अष्टमीचे उधाण

गेल्या डिसेंबरात तुळिंजच्या आमच्या वाचक मंडळाने शालेय वाचन स्पर्धेतून एक जुनी, गाजलेली सागरी साहसकथा वगळली. विरोध माझा होता. ती सुचवली होती माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी. आता ते निवृत्त आहेत आणि मंडळात त्यांचा शब्द चालत असे.

ही कादंबरी म्हणजे सरांचा जीव. सातवीत ते ती वर्गाकडून मोठ्याने वाचून घेत. माझी पाळी आली आणि पहिल्याच ओळीत मी ‘पानी’ म्हणालो. जूचंद्रला, मिठागरात राबणाऱ्या आमच्या घरात ‘ण’ कोणी उच्चारत नसे. सर म्हणाले, “बस खाली. पाणी म्हणता येईल तेव्हा जहाजावर चढ.” वर्ग हसला. वर्षभर ते मला ‘पानीवाले’ म्हणत राहिले. पुस्तक पुन्हा माझ्या हाती आले नाही.

पुढे वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. ज्यातून मला हाकलले ते काहीतरी भव्य असणार, असे मी धरून चाललो होतो. स्पर्धेसाठी मंडळाने मत मागितले, तेव्हा कादंबरी प्रथमच पूर्ण वाचली. निराशा झाली. अर्धे पुस्तक वारसाहक्काच्या भांडणात जाते. बेटावरची माणसे नायकाचे सामान वाहण्यापुरती येतात. वादळ दोन परिच्छेदांत आटोपते.

पण नुसते कंटाळवाणे असून मला भागणार नव्हते. चूक हवी होती. पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. शेवटाजवळ ती सापडली: अष्टमीच्या रात्री मोठे उधाण येते, वाळूत रुतलेले जहाज तरंगते आणि सगळे सुटतात.

मिठागरात समुद्राचे पाणी घेतात ते अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती सर्वांत दुबळी. त्या दिवशी बांधाचे दार उघडूनही उपयोग नसतो.

बैठकीत सर बराच वेळ बोलले. मुलांना समुद्र कळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मग मी ते प्रकरण वाचून दाखवले आणि विचारले, “सर, अष्टमीला उधान कुठनं आलं?”

‘उधान’ मी मुद्दाम म्हणालो.

“उधाण,” सरांनी दुरुस्त केले. “आणि गोष्ट आहे ती, पंचांग नाही.”

“मग जहाज अजून वाळूतच आहे, सर.”

खाडीकाठच्या नायगावच्या एक बाई आधी हसल्या, मग बाकीचे. सर खाली बसले. हात वर करून मत घेतले, तेव्हा कादंबरीच्या बाजूने त्यांचा एकट्याचा हात होता.

जानेवारीत स्पर्धा झाली. सर आले नाहीत. परीक्षक म्हणून त्यांच्या जागी मी बसलो.