सुनेचा अपघात, सासऱ्याचा जबाब

त्या अपघातात लक्षात ठेवण्यासारखं तसं काही नव्हतं. कोणी मेलं नाही, कोणी पळून गेलं नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, आणि त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही साधी घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हुबळीत सबइन्स्पेक्टर होतो. अमावास्येची संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. विद्यानगरातल्या एका वळणावर पांढऱ्या मोटारीची धडक बसून सायकलवरून घरी चाललेले एक शाळामास्तर पडले. मांडीचं हाड मोडलं, डोक्यालाही मार लागला. गाडीवाल्यानंच त्यांना उचलून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बाजारातले एक कापडव्यापारी बसलेले दिसले. साठी उलटलेले, घराणं मूळचं कोल्हापूरकडचं, पण तीन पिढ्या हुबळीतच गेलेल्या. मला पाहताच उठून त्यांनी हात जोडले.

"साहेब, गाडी मीच चालवत होतो की. चूक माझीच. काय लिहायचं ते लिहा, मी सही करतो."

इतक्या झटपट कबुली देणारा माणूस भेटला की पोलिसाला खरं तर बरं वाटायला हवं. मला शंका येते. अपघात केलेला माणूस आधी रस्त्याला दोष देतो, मग सायकलवाल्याला, मग ब्रेकला. स्वतःपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागतो.

मास्तरांना काहीच आठवत नव्हतं. वळणावरच्या चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "नोडिल्लरी साहेब, पाहिलंच नाही." आमच्याकडे अपघात झाला की सगळ्या चहावाल्यांची पाठ नेमकी रस्त्याकडे असते. व्यापाऱ्यांचा जबाब घेतला, गाडी स्टेशनच्या आवारात आणून लावली आणि त्या दिवसापुरतं काम मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता, पण आवाजात भलताच उत्साह होता. "ते सगळं खोटं आहे री! गाडी म्हाताऱ्यानं नाही चालवली. ती फॉरिनची सून चालवत होती. आपल्याकडचं लायसन्स नाही, इल्लरी तिला!" आणि फोन ठेवून दिला. निनावी खबर देणाऱ्यांत न्यायाची चाड असलेला शंभरात एखादा. बाकीच्यांना शेजाऱ्याचं बरं चाललेलं बघवत नाही. तरी खबर ती खबर. देणाऱ्याचं मन काळं असलं म्हणून खबर खोटी ठरत नाही.

मी दोन पंच बोलावले आणि गाडीचा पंचनामा करायला घेतला. डावीकडचा दिवा फुटलेला, दारावर ओरखडा. मागच्या सीटखाली स्टीलचा एक मोठा डबा आडवा पडला होता. वर धुतलेलं पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. सोडून पाहिलं तर आत होळिगे म्हणजे पुरणपोळ्या, भात आणि तुपाची वाटी सांडलेली. कोणी एक घासही खाल्लेला नव्हता.

हुबळीच्या बाजारात दर अमावास्येला दुकानात लक्ष्मीची पूजा होते. दिवे लागले की मालक गादीवर बसतो, नारळ फोडतो, घरून आलेला नैवेद्य दाखवतो आणि मग गिऱ्हाइकांना चुरमुरे-खोबरं वाटतो. त्या वेळी दुकान सोडून जाणारा मालक मी तरी पाहिला नव्हता. मी व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं.

त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. दटावून माणूस बोलतो, पण बहुधा आपल्याला हवं तेच बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून अपघाताचा विषयच काढला नाही.

"अण्णा, काल अमावास्या. दुकानातली पूजा राहिली म्हणायची तुमची?"

म्हातारा एकदम ताठ झाला. "राहील कशी? भलतंच काय बोलता साहेब! वडील गेल्यापासून एक अमावास्या चुकली नाही. मीच केली की!"

"वेळेवर?"

"दिवे लागता लागता. साऱ्या बाजाराला विचारा."

"आणि नैवेद्य?"

"साखर-खोबऱ्याचा दाखवला."

"दरवेळी तोच असतो?"

"नव्हे हो. घरून डबा येतो, पण काल..."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच राहू दिला. अंगावर खटला घ्यायला तयार झालेला हा माणूस, पण लक्ष्मीची पूजा चुकली एवढं खोटं त्याच्या तोंडून निघेना. मला हसू आलं आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सून मॉरिशसची. घर मराठीच, पणजोबा कोकणातून बोटीनं उसाच्या मळ्यांवर गेलेले. पुण्यात शिकायला आली तेव्हा यांच्या मुलाशी ओळख झाली. लग्न होऊन हुबळीत आली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. मुलगा खरेदीसाठी सुरतेला गेलेला, ड्रायव्हर रजेवर, म्हणून डबा घेऊन तीच निघाली. अपघातानंतर मास्तरांना दवाखान्यात तिनंच नेलं आणि तिथूनच दुकानात फोन केला. सासरे पूजा उरकून तसेच धावत आले आणि तिला रिक्षात घालून घरी धाडलं.

"साहेब, तिचं लायसन्स तिकडचं. इकडं ते कोण विचारतो? राहायचा कागद अजून मुदतीचा आहे, धारवाडला एस.पी. ऑफिसातनं वाढवून घ्यावा लागतो. गुन्हा नावावर लागला तर परत धाडतील. पोटुशी आहे ती. पोरगा सुरतेहून आल्यावर त्याला काय सांगू? तुझ्या बायकोला विमानात बसवून दिलं म्हणून?" आणि भर बाजारात अधिकारानं वावरणारा तो माणूस माझ्यासमोर रडू लागला.

त्यांची भीती अगदीच खुळी नव्हती. त्या ऑफिसात गुन्ह्याची नोंद पाहून काय ठरवतील, हे मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात शिपाई आत आला. बाहेर एक बाई केव्हाच्या बसल्या आहेत म्हणाला. तीच होती. घरच्यांना न सांगता रिक्षानं आलेली. आत येऊन नमस्कार केला आणि म्हणाली, "महोदय, वाहन मी चालवत होते. माझ्याजवळ परवाना आहे." तिचं मराठी शाळेत शिकलेलं, आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध. जबाब लिहून घेणारा रायटर तोंड लपवून हसला. मी डोळे वटारले तेव्हा गप्प बसला.

अपघात कसा झाला हेही तिनं न लपवता सांगितलं. डावीकडे वळायचं म्हणून तिनं दिवा लावला आणि वळली. त्यांच्याकडे दिवा लागला की मागचा थांबतो. आमच्याकडे त्या दिव्याकडे बघतो कोण? इथं मागचा हॉर्न ऐकतो, नाहीतर खिडकीबाहेर काढलेला हात बघतो. मास्तर आपले सरळ चालले होते. "पण बघायला मी हवं होतं," ती म्हणाली. "मी रस्त्यावर विश्वास ठेवला."

"कशाला आलीस गं?" सासरे म्हणाले. "मी निस्तरलं असतं."

"अप्पा, मला पाहुणी ठेवू नका," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या चुका झाकतात. घरच्या माणसाला सांगू देतात."

तिनं पुढं केलेली कागदपत्रं मी घेतली. तिकडचं लायसन्स आणि त्याच्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना. आर.टी.ओ.त माणूस धाडून खात्री करून घेतली. परवान्याची मुदत बाकी होती, तोवर ती गाडी चालवू शकत होती. पुढं मात्र आपलं लायसन्स काढावं लागणार होतं. मग रीतीप्रमाणे सासऱ्यांचं लायसन्स मागितलं. ते केव्हाच संपलेलं होतं, आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं! त्यांचा जबाब खरा धरला असता तर विमा कंपनीनं हात वर केले असते, मास्तरांना भरपाई मिळाली नसती आणि अण्णा स्वतः दुहेरी गुन्ह्यात अडकले असते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशातली गत.

खोटी माहिती दिली म्हणून त्यांच्यावर कारवाई करता आली असती. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी त्यांना समोर उभं करून असं झापलं की कारवाईची गरज उरली नाही. गुन्हा सुनेच्या नावावर नोंदवला, कोर्टात तिनं तो कबूल केला आणि दंड भरला. मास्तर काठी टेकत का होईना, शाळेत जाऊ लागले. धारवाडच्या ऑफिसनं अहवाल मागवला तेव्हा जे घडलं तेच मी लिहिलं: जखमीला हिनंच दवाखान्यात नेलं आणि कोणी बोलावलेलं नसताना स्वतः येऊन खरं सांगितलं. तिची मुदत वाढवून मिळाली. त्या दिवशी मला पदक मिळाल्यासारखं वाटलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःची कातडी वाचवतो, असं आम्ही धरून चालतो. पुढच्या नोकरीत मी खोटं पकडलं की आधी एवढंच शोधू लागलो, की हा कोणासाठी बोलतोय? निम्मे गुन्हे तिथंच उलगडले.

तिचा जबाब घेतला ती वेळ अजून डोळ्यांपुढं आहे. जबाबाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. नाव झालं, वय झालं. मग रायटरनं कन्नडमध्ये विचारलं, "ऊर यावुद्री?" गाव कुठलं? तो लेखणी उचलून थांबला, परदेशाचं नाव नीट ऐकून लिहायला. सासरे खाली मान घालून बसले होते. तिला एव्हाना तेवढं कन्नड कळत होतं.

"हुब्बळ्ळि," ती म्हणाली.

रायटरनं माझ्याकडे पाहिलं.

"त्या सांगतात तेच लिही," मी म्हणालो.