एक ब्लेझर, तीन काका

सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या मराठी मंडळात कुणाचंही चित्र काढायला घ्या, किस्सा फुकट मिळतो! कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून दर रविवारी मी कम्युनिटी क्लबात लाल-काळ्या खडूनं पोर्ट्रेट काढते, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बरोक पद्धतीची. तेव्हा माणूस किती मोठा, ते लेसची कॉलर आणि रेशमी बाही सांगायची. मला वाटलं, गेले ते दिवस. कसले जातायत!

बाबा मात्र माझ्यासमोर कधी बसले नाहीत. मंडळात सांगतात, "ती सध्या ब्रेकवर आहे." त्यांनी एकदा बसावं, एवढंच मला हवं होतं.

*

जोशीकाका चांगी बिझनेस पार्कात मॅनेजर. घामाच्या धारा, तरी अंगात ब्लेझर, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड.

"काका, रविवार आहे. ते काढून ठेवा ना."

"अगं, मग मी कोण ते कळणार कसं?"

चेहरा होता की!

*

ब्लेझर गाजला. पुढच्या रविवारी देशपांडेकाका तोच घालून हजर. मग साठेकाका. बाहीवरचा आमटीचा डागही तोच. "तेवढा डाग दाखवू नकोस हं," तिघांनीही बजावलं. भिंतीवर तीन प्रतिष्ठित माणसं, कपडा एक!

*

गोखलेकाकू पैठणी नेसून आल्या. "पदरावरचे मोर नीट यायला हवेत." मोर काढता काढता वेळ संपली, चेहरा कोराच राहिला. काकूंनी तस्संच ग्रुपवर टाकलं.

सगळ्यांचा रिप्लाय: "हुबेहूब!"

*

कांबळेकाकू संशोधक. साध्या कुर्त्यात आल्या, जराही हलल्या नाहीत. चित्र बराच वेळ बघत राहिल्या.

"बाबांनी बघितलंय तुझं काम?"

"बाबा ब्रेकवर आहेत."

काकू हसल्या नाहीत. चित्र गुंडाळलं आणि थेट आमच्या फ्लॅटवर गेल्या!

*

पुढच्या रविवारी दारात बाबा. नवा सूट, टाय, आयकार्ड. सगळे काका तमाशा बघायला मागे गोळा.

बाबा बसले. उठले. आयकार्ड खिशात टाकलं. मग खुंटीवरचा माझा खडूनं बरबटलेला एप्रन घेतला आणि सुटावरून बांधला.

"अहो, हे काय घातलंत?" जोशीकाका किंचाळलेच.

बाबांनी तिकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "कर सुरू."

"बाबा, त्याच्यावर डाग आहेत."

"सगळे येऊ देत."