फ्लेक्सवरची पैठणी

पोहायला मी परतूरजवळच्या आमच्या गावच्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पुढं पोहण्यात राज्याचं सुवर्णपदक आणलं. आमच्या जिल्ह्यातली पहिलीच मुलगी मी, म्हणून गावानं वेशीवर फ्लेक्स लावला.

तो बघून माझं डोकंच फिरलं. स्पर्धेतला, पोहण्याच्या पोशाखातला फोटो मी दिल्ता. त्यातलं नुसतं तोंड कापून खाली कुण्या नवरीची हिरवी पैठणी चिकटवलेली! हातात चुडा, गळ्यात पदक. ‘गावची लेक अव्वल’. कशात, ते कुठंच न्हाई.

सरपंच काकांना जाब विचारला, तर म्हणाले, “वेशीतून बायामाणसं जातात गं. बराबर दिसत न्हाई तसलं.”

शेजारच्या मावशीनं तर विचारलंच, “रांगोळीत आला का गं नंबर?”

हंगामात कुणीतरी तो फ्लेक्स उतरवून शेतातल्या सोयाबीनच्या ढिगावर झाकायला टाकला. मंग अवकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी मी तिकडून गेले, तर पैठणी, चुडा, पदक, सगळं पाण्यात.

उतरले बाई एकदाची पाण्यात, गावाला चालेल तशी.