सपाट तळहात

आमच्या बसचा कंडक्टर अजूनही 'रेसकोर्सवाले उतरा' असंच म्हणतो. उतरल्यावर समोर दिसते ती कारखान्याची भिंत. शहरातली रेसची दोन्ही मैदानं अशीच कारखान्यांखाली गेली. माझे वडील, अण्णा, इथे मोतद्दार होते, घोड्यांची सगळी उस्तवार करायचे. पुढे त्याच जागेवर मी लेथ चालवला. आता कारखान्यालाही टाळं लागलंय.

काल अण्णा त्या भिंतीपाशी सापडले. तळहातावर गुळाचा खडा, आणि हात अगदी सपाट. घोड्याला असंच भरवतात, नाहीतर बोट चावलं जातं.

"अण्णा, घरी चला."

"थांब. त्यानं खाल्ल्याशिवाय कसं जायचं?"

जागा गेली की माणूस दुसरी शोधतो म्हणे. पण हाताला लागलेलं वळण कुठे जाणार? माझेही हात झोपेत लेथचं चाक फिरवतात, असं बायको सांगते.

उन्हानं गूळ पाझरायला लागला तरी अण्णा हलेनात. शेवटी मी वाकलो आणि तो खडा ओठांनी उचलला.

त्यांनी माझी मान थोपटली. "दमलास ना रे," म्हणाले.

कारखाना बंद झाल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं.