गच्चीवरचा होकार

मेहकरात तेव्हा एका लॉजच्या गच्चीवर नवी परमिट रूम निघाली होती. खाली पैनगंगा, वर रंगीत बल्ब आणि जिन्यावर भली मोठी पाटी, ‘कॉकटेल’. त्या गच्चीचा मला आजही संताप येतो.

धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, मूळचा पुण्याचा, दोन वर्षं आमच्याच भागात नोकरीला. तिला तो मनापासून आवडला होता. शेवटची बोलणी करायला त्याचा काका पुण्याहून आला, लॉजवर उतरला आणि सुलतानपूरला आमच्या घरी यायचं सोडून त्याने मलाच गच्चीवर बोलावलं. आमच्या ओट्यावर बसायला कमीपणा वाटला असेल साहेबाला! निघताना बाबा म्हणाले, “थे जे म्हणतीन त्याले हो म्हणजो. वाद घालजो नको.”

काका व्हिस्कीत लिंबू, सोडा आणि कसलंसं लाल सरबत मिसळून घेत होता. चव जमत नाही म्हणून वेटरला दोनदा परत पाठवलं. मी नुसता लिंबूसोडा मागितला तर म्हणाला, “अजून दूधच पिता वाटतं?” उन्हाळ्याचे दिवस, नदीत डबकी उरलेली, त्यांत म्हशी. “हीच का तुमची गंगा?” म्हणून खदाखदा हसला. वाटलं, उचलावा आणि त्याच डबक्यात फेकावा. पण बाबांना शब्द दिला होता, म्हणून दातओठ खात बसलो. नवरा मुलगा त्याच्या शेजारीच बसून शेंगा सोलत होता.

“लग्न पुण्यात होईल,” काका म्हणाला.

“हाव.”

त्याने भुवया चढवल्या. “आणि मुलाला स्कूटर लागेल.”

“हाव!” ऐकू गेलं नसेल म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

काकाने ग्लास टेबलावर आपटला. “हाव? मला हावरट म्हणतोस? तोंडावर?”

आमच्याकडे हाव म्हणजे हो. घरात, वावरात, बाजारात दिवसभर आम्ही हाव म्हणतो. त्याच्या पुण्यात हाव म्हणजे लोभ. मी सांगायला तोंड उघडलं आणि आधी मुलाकडे पाहिलं. हा गडी दोन वर्षं मजुरांशी हाव-हाव करत कालवा खणून घेत होता. माझ्या आईलाही हावच म्हणायचा. ‘काका, ते हो म्हणतायत,’ एवढं बोलला असता तर भागलं असतं. त्याने काकाकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं आणि एक दाणा तोंडात टाकला.

“परत बोल, काय म्हणालास!” काका ओरडला.

“तुम्हाले बराबर ऐकू आलं,” मी म्हणालो आणि जिना उतरलो.

बसमध्ये राग ओसरला आणि कळलं, रागापायी मी बहिणीचं वाटोळं केलं होतं. ती दारातच उभी होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणालो, “माहीच चूक झाली.”

तिने त्या मुलाचं विचारलं, “थे तिथंच बसेल होते?”

“हाव.”

“अन् काहीच नाही बोलले?”

“नाही.”

ती म्हणाली, “मंग सोयरीक तू नाही मोडली, दादा. म्या मोडली, असं सांगजो सगळ्याईले.”

मी गावभर तसंच सांगितलं. हे बोलून ती आत गेली आणि किती रडली, ते मात्र कोणालाच सांगितलं नाही.