हेडफोनमधला उशीर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. फादरनासुद्धा नाही. दर वर्षी ईस्टरच्या आधी कन्फेशनला जातो, गुडघे टेकतो, रागावलो, मिस्सा चुकवली, कामावर खोटं बोललो असं सगळं घडाघडा सांगून मोकळा होतो. हे मात्र ओठांपर्यंत येतं आणि मागे फिरतं. लाज वाटते म्हणून? असेल. पण गोष्ट इतकी बारीक आहे, की नुसती सांगितली तर ऐकणारा म्हणेल, एवढंच? कॉम्प्युटरमधली एक सेटिंग? म्हणून तुम्हाला जरा मागपासून सांगावं लागेल. मी आडवळणं घेतोय असं वाटलं तर — घेतोय, हे खरं आहे.

माझी बायको फिलोमिना, म्हणजे फिलू, माझ्यापेक्षा चांगली गिटार वाजवायची. झालं, हे एक वाक्य तरी लिहून झालं.

आम्ही चर्चच्या कॉयरमध्ये भेटलो. मी तेव्हा वांद्र्याला गिटारच्या क्लासला जायचो, पुस्तकं समोर ठेवून स्केल्स घोकायचो, बोटांना घट्टे पडलेले. ती वडिलांच्या गंजक्या तारांच्या गिटारीवर शिकलेली, वाडीत केळींना पाणी लावून झालं की ओट्यावर बसून. नोटेशनचा गंध नाही. एकदा ऐकलेलं गाणं ती वाजवायची, आणि मूळ गाण्यात जिथे नुसती मोकळी जागा असायची तिथे स्वतःचे दोन-चार सूर घालायची. त्या दोन-चार सुरांवर मी भाळलो. लग्न केलं. आणि लग्नानंतर तेच सूर ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. एकाच माणसाला दोन्ही कसं होतं? मला ठाऊक नाही, पण झालं.

आम्ही आचोळ्याला फ्लॅट घेतला होता. मी सातिवलीत प्लास्टिकच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रविवारी सकाळपासून मी एखादी ओळ घासत बसायचो. ती कुकर लावून, ओले हात गाऊनला पुसत यायची, म्हणायची, ‘‘दे जरा.’’ शिट्टी होईपर्यंत ती ओळ तिच्या हातातून सहज निघालेली असायची. मग गिटार परत माझ्या मांडीवर आणि ती स्वयंपाकघरात. कधी मिरवलं नाही तिने. मिरवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. लग्नघरी लोक माझ्या हातात गिटार द्यायचे, एक गाणं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, फिलू कुठाय? मी हसून गिटार पुढे करायचो. आतून नुसता जळायचो — आणि हसायचो.

मग फादरनी ठरवलं की गावच्या बोलीतल्या ख्रिसमसच्या गाण्यांची सीडी काढायची. स्टुडिओ परवडणारा नव्हता. माझ्याकडे जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता, बऱ्यापैकी साऊंड कार्ड होतं. गिटार आमच्या घरी रेकॉर्ड करायची, गाणारे नंतर गातील, असं ठरलं. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. फादर सगळ्या कॉयरसमोर म्हणाले, ‘‘गिटार फिलूची. तू मशीन सांभाळ.’’ सगळे हसले, अगदी मायेने. मीही हसलो. सातिवलीत दिवसभर मशीन सांभाळण्याशिवाय दुसरं काय करत होतो मी?

आमची स्टेफी तेव्हा काही महिन्यांची होती. रविवारी मिस्सा आटोपली की फिलूची आई तिला घेऊन हॉलमध्ये बसायची. आम्ही दोघं बेडरूममध्ये, दार लावून, आवाज नको म्हणून पंखा बंद करून.

आता ती सेटिंग. गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरमध्ये जाते आणि तिथे साठतो तो गिटारचा कोरा आवाज. त्याला ड्राय म्हणतात. घुमारा नाही, गोडवा नाही, नुसतं लाकूड आणि तार. तसल्या आवाजावर वाजवायला कुणाला हुरूप येणार? म्हणून वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये घुमारा घालून द्यायचा, जणू तो रिकाम्या चर्चमध्ये वाजवतोय. तो फक्त कानापुरता. साठतं ते कोरंच, त्याचं काय करायचं ते नंतर ठरवता येतं. सोय चांगली आहे. पण तो घुमारा तयार करायला कॉम्प्युटरला वेळ लागतो. माझ्यासारखा साधा कॉम्प्युटर असेल तर आवाज तडतडतो. तडतड थांबवायला त्याला जास्त सवड द्यावी लागते, आणि सवड दिली की तार छेडल्यावर सूर कानात किंचित उशिरा पोचतो. गल्फमध्ये भावाला फोन लावला की कधी कधी आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि जीभ अडखळते ना? तसं होतं.

त्या पहिल्या रविवारी तडतड व्हायला लागली म्हणून मी सवड वाढवली. त्यात काही पाप नव्हतं. फिलूने हेडफोनमधल्या, ताल दाखवणाऱ्या टिकटिकीवर पहिलं गाणं पूर्ण वाजवलं. मग हेडफोन काढला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

‘‘मी मागे पडतेय का रे?’’

माझ्या लगेच लक्षात आलं. हे सगळं पहिल्यांदा बसवलं तेव्हा मीही यात आठवडाभर झगडलो होतो. उपाय सोपा होता — कानातला घुमारा बंद करायचा आणि तिला कोरा आवाज थेट, उशिराशिवाय ऐकू द्यायचा. एक क्लिक. हात माऊसवरच होता.

‘‘तुला पण असं होतं?’’ तिने विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मला नाही होत.’’

हेच ते. पण इथे थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की एकदा जीभ घसरली. मी थांबलो नाही.

ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मी तिचं ते पहिलं गाणं माझ्या हेडफोनवर ऐकलं. कोरं, घुमाऱ्याशिवाय. एकही सूर मागे नव्हता. टिकटिकीवर जिथे पडायला हवा, तिथेच प्रत्येक सूर पडत होता. उशीर तिच्या कानात होता, हातात नव्हता. आणि मधल्या मोकळ्या जागेत तिचे ते दोन-चार सूरही होते. मी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते काढून टाकलं. ती आत आल्यावर म्हटलं, जमलं नाही, परत घेऊ.

त्यानंतर ती खरंच चुकायला लागली. कानात वेळेवर ऐकू यावं म्हणून तार आधीच छेडायची, मग पुढे पळाल्यासारखं वाटून हात आखडायची. घाम पुसायची, परत वाजवायची. पुढच्या रविवारी तर पहिल्या ओळीतच अडखळली. मी त्यातला सगळ्यात वाईट तुकडा स्पीकरवर लावला. म्हटलं, ऐक. तो खरोखरच वाईट होता, त्यात काही खोटं नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत होती.

आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, ‘‘बाळंतपणानंतर होतं असं. हात जड होतात. मनाला लावून घेऊ नकोस.’’

किती मऊ आवाजात म्हणालो. तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

तिने गिटार माझ्याकडे दिली. ‘‘तूच वाजव मग.’’ मी घुमारा बंद केला, कोरा आवाज कानात घेतला आणि सगळी गाणी वाजवली. बिनचूक, आणि त्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं.

सीडीच्या कव्हरवर गिटारपुढे माझं नाव आलं. ख्रिसमसला सासऱ्यांच्या घरी सगळे जमले असताना ती लावली. सासरे थोडा वेळ ऐकत बसले, मग म्हणाले, ‘‘ही आमची फिलू नाय.’’ आतून फिलूच बोलली, ‘‘माझे हात नाय राहिले आता, पप्पा.’’ मला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही — आनंद झाला. तोही इथे सांगायला हवा.

मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत ती परत गिटार उचलेल. नाही उचलली. कव्हरात घालून कपाटावर ठेवली. चर्चमध्ये पूर्वी गाताना बाकावर बोटांनी ताल धरायची, तोही सुटला. आता गायनाचं पुस्तक दोन्ही हातांत धरून उभी राहते आणि शेजारचीकडे बघून सुरू करते. पुढे मी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात हा उशीर जाणवतही नाही. तेव्हा तरी सांगता आलं असतं. त्यानंतर कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. रोज एकाच ताटलीतून आम्ही मासळी वाढून घेतो.

स्टेफी आता चौथीत आहे. मीच तिला गिटार शिकवतो. गेल्या रविवारी हॉलमध्ये ती वाजवत होती, मी शेजारी बसलो होतो, फिलू खाली पेपर पसरून कोळंबी सोलत होती. स्टेफीचा ताल सारखा सुटत होता. ती म्हणाली, मम्मी, तू ताल धर ना.

‘‘मला नको सांगू बाय,’’ फिलू हसत म्हणाली. ‘‘माझा ताल तू झालीस तेव्हाच गेला.’’

तिच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. स्टेफीचा हात तारांवरच थांबला. तिने जरा विचार केला.

‘‘सॉरी, मम्मी,’’ ती म्हणाली.

मी तिथेच होतो. मी म्हटलं, ‘‘चल, पहिल्यापासून घे.’’