पेंढा भरलेलं रेडकू

परिषद कुठल्याही देशातली असो, गेनूआबा आधी चहाच्या टेबलाशी जायचे, दुधाचं भांडं नाकाशी धरायचे आणि निकाल द्यायचे, "पावडर!" मग तोच चहा पुन्हा मागून प्यायचे. मी त्यांची दुभाषी. कुणी विचारलंच की काय म्हणाले, तर मी खुशाल सांगे, "चहा आवडला म्हणाले."

सामुदायिक आर्थिक विकास नावाच्या ज्या प्रकारावर माझं पोट चालतं, त्यातली जगभरची मंडळी दरवर्षी कुठेतरी जमतात आणि गरिबांनी एकत्र येऊन धंदा कसा करावा, हे गारेगार सभागृहात ठरवतात. तिथे आबांचा मान पक्का. वडगाव मावळच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. तिथल्या म्हशीवाल्या बायकांना गोळा करून त्यांनी दूध डेरी काढली, ती गोष्ट ते सांगायचे. फेटा सारखा करून सुरुवात ठरलेली: "मंडळी, रेडकू दावल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई. मानसाचंबी तसंच." याचं इंग्रजी करताना माझी दरवेळी फेफे उडायची, पण टाळ्या हमखास.

मग एका वर्षी परिषद खंडाळ्यालाच भरली. दरीच्या काठावरचं मोठं हॉटेल, चाळीसएक पाहुणे. उद्घाटनातच आयोजकांनी मोठ्या कौतुकानं जाहीर केलं, परवा सकाळी आबांची डेरी बघायला जायचं. मी वळून पाहिलं तर आबांचा चेहरा पांढराफटक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, घोळ झाला. डेरी बंद हाये."

"अगंबाई! कधीपासून?"

"तुमी पयल्यांदा विंग्रजीत सांगितली ना, त्याच्या आदल्या सालापासनं."

म्हणजे इतके देश पालथे घालून मी एका मेलेल्या डेरीचं गुणगान केलं होतं! रस्त्याकडेच्या जमिनी विकल्या गेल्या, पोरं कंपन्यांत लागली, दूध न्यायची गाडी बंद झाली आणि डेरीला कुलूप लागलं. म्हशी मात्र बायकांनी सोडल्या नव्हत्या. आता एक गवळी दारात येऊन दूध नेई आणि रोज "पातळ हाये" म्हणून भाव पाडी.

"मग बोलला का नाहीत आबा?"

"कुनी इचारलंच न्हाई. समदे म्हनायचे, सुरू कशी केली? हाये का, आसं एकबी म्हनला न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "रेडकू मेलं तर कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठिवत्यात, ताई. ती चाटती आन पान्हा सोडती. मी तसाच चाटीत बसलो. सांगताना वाटायचं, हाये आजून."

मला रागही आला आणि कीवही. पण आता माघार घेतली असती तर भर परिषदेत म्हाताऱ्याची अब्रू गेली असती. मी म्हटलं, "एक दिवस निभावून न्या."

आबांनी निभावलं. कुलूप काढलं, चुना मारला, लग्नाला भांडी आणावीत तसं शेजारच्या गावातून फॅट मोजायचं मशीन मागून आणलं. घरोघरी सांगितलं, उद्याचं दूध हितं घाला. पाहुणे पोचले तेव्हा किटल्यांची रांग लागली होती. मशीन नुसतं मांडून ठेवायचं होतं, पण केनियाच्या एक बाई घरच्या गाईवाल्या निघाल्या. मोजून दाखवा म्हणून हटून बसल्या. आबांनी रांगेत पुढे असलेल्या हौसामावशींचं दूध लावलं. आकडा उमटला. आबा दचकले, पुसून पुन्हा लावलं. तोच आकडा. दूध चांगलं घट्ट होतं.

हौसामावशींनी कमरेला पदर खोचला. "आन त्यो मेला रोज पातळ म्हनतो! थांब, येऊ दे उद्या दारात, त्येचं तंगडंच मोडते!" मग प्रत्येकीनं आपापलं दूध मोजून घेतलं आणि गवळ्याचा उद्धार केला. मी त्यातलं एक अक्षर इंग्रजीत केलं नाही. पाहुण्यांनी भारावून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांचा फोन. "ताई, बाया पुन्यांदा दूध घिऊन आल्यात! काय करू?"

"पाहुणे बघून गेले म्हणून सांगा."

"सांगितलं. हौसा म्हनती, पाव्हन्यांना कोन पुसतंय? तू मशीन लाव."

ते दूध आबा स्वतः टेम्पोत घालून खंडाळ्याच्या त्याच हॉटेलात घेऊन आले आणि आचाऱ्याशी भांडून गळ्यात मारलं. निरोपाच्या चहाला पहिल्यांदाच खरं दूध होतं. दोघातिघा पाहुण्यांनी चहाला वास येतो म्हणून तक्रार केली.

डेरी तेव्हापासून चालू आहे. लहानशीच आहे, पण रोज आहे. पुढल्या परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा आबांनी साफ नकार दिला: "सांजंचं दूध कोन घील?" मी तसं कळवलं. परिषदेचा वर्षअखेरीचा अहवाल आला, त्यात आबांच्या डेरीपुढे लिहिलं होतं, 'सध्या निष्क्रिय'.

संतापून मी आबांच्या गावी गेले आणि तो कागद वाचून दाखवला. आबा मापं धूत होते. पोट धरून हसले.

"ऱ्हाऊ द्या तसंच, ताई. दुरुस्त करू नगा."

"अहो पण का?"

"परकं मानूस उभं ऱ्हायलं की म्हस पान्हा चोरती," असं म्हणून त्यांनी मला घरी न्यायला एक किटली भरून दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली.